रुखवतातला लगद्या

आमची मुलगी जिवंत आहे हे आम्हाला दोन-तीन महिन्यांतून एकदा खोक्यावरून कळतं.

पार्सल आलं की त्रिशला आतली वस्तू काढून बाजूला ठेवते. काय आलंय ते बघतही नाही. मागच्या आठवड्यात कपड्यांच्या चिमट्यांची चौथी पिशवी आली, ती अजून फ्रिजवर पडून आहे. रिकामं खोकं मात्र ती दोन्ही हातांनी धरून माझ्यापुढं आणते. मी अंगठ्याच्या नखानं डिंकाचा जोड उकलतो, खोकं सपाट करतो आणि लगद्याच्या तोंडाशी लावतो. लगद्या ते दोन मिनिटं वाचतो. मग पडद्यावर यादी येते. मी चष्मा लावून ती वरून खाली सरकवत जातो आणि त्रिशला माझ्या मागं उभी राहते.

"आहे का?"

"नाही."

बहुतेक वेळा एवढंच. कधीतरी मात्र मी म्हणतो, "आहे. परभणी, प्रभाग सहा. मार्च."

"मार्च म्हणजे मागचाच महिना की."

"हं."

त्या दिवशी चहात वेलदोडा असतो. बाकी काही फरक पडत नाही. ज्या खोक्यात तिची खूण निघाली ते आम्ही यंत्रात घालत नाही, माळ्यावर ठेवतो. तशी अकरा खोकी साठली आहेत.

लगद्या हे त्या यंत्राचं खरं नाव नव्हे. कागदोपत्री तो 'घरगुती पुठ्ठा पुनर्निर्माण संच'. पण एवढं नाव घेईपर्यंत खोकं भिजून जाईल, म्हणून अख्खी सांगली त्याला लगद्याच म्हणते. घरोघरची खोकी उचलायला गाडी यायची ती बंद होऊन आता नऊ वर्षं झाली. ज्याचं खोकं त्यानंच नवं करायचं, असा नियम आला. खोकं आत घातलं की पाती त्याचे तुकडे करतात. कोमट पाणी आणि विकरांची पूड मिळून डिंक आणि शाई सोडवतात. लगदा जाळीवर पसरतो, दाबला जातो, वाळतो, मधला पदर रुळांतून नागमोडी होऊन येतो आणि पाऊण तासानं खालच्या फटीतून नवं कोरं, घडीचं खोकं बाहेर पडतं. पार्सलवाला पुढचं पार्सल देताना ते घेऊन जातो.

मी महावीर मगदूम. कुपवाडच्या एमआयडीसीत अठ्ठावीस वर्षं खोक्यांच्याच कारखान्यात काढली, शेवटची दहा वर्षं सुपरवायझर म्हणून. तीनपदरी, पाचपदरी, सातपदरी, कुठलंही खोकं असो, कडेला अंगठा दाबला की ते किती वजन सोसेल हे मी सांगायचो. माणसांच्या बाबतीत मला हे कधी जमलं नाही.

कारखान्यात आमची जी अडचण होती तीच लगद्याचीही होती. पुठ्ठा म्हणजे एकमेकांत गुंतलेले लाकडाचे तंतू. दर वेळी लगदा केला की ते थोडे तुटतात, आखूड होतात. सहा-सात फेऱ्या झाल्या की ते एकमेकांना धरून ठेवू शकत नाहीत. खोकं वरून झक्क दिसतं आणि उचललं की बूड सुटतं. म्हणून कुठला तंतू कितव्या फेरीत आहे हे यंत्राला कळणं भाग होतं.

त्यावर जो उपाय निघाला तो सजीवांकडून घेतलेला. आपल्या पेशींत डीएनएची माळ असते, चार रासायनिक अक्षरांची. तशी माळ प्रयोगशाळेत आपल्याला हवी त्या क्रमानं ओवता येते, आणि काचेच्या कणात बंद केली की पाण्यानं, उष्णतेनं बिघडत नाही. धुळीहून बारीक असे हे कण प्रत्येक लगद्याच्या कुपीत निरनिराळ्या कप्प्यांत भरलेले असतात. नवं खोकं बनवताना यंत्र त्यांचं ठरावीक मिश्रण लगद्यात सोडतं आणि ते तंतूंना चिकटून बसतं. म्हणजे दर फेरीला त्या यंत्राची एक खूण पडते, आणि पुढच्या घरचा लगद्या मागच्या सगळ्या खुणा वाचतो. खुणेत नुसता संकेत असतो. यंत्रांचा कारभार बघणाऱ्या सरकारी महामंडळाच्या नोंदवहीशी तो जुळला की यंत्राचा क्रमांक, गाव, प्रभाग आणि महिना पडद्यावर येतो. सातवी खूण पडली की तो तंतू बाद, अंड्यांच्या ट्रेला जातो.

सुरुवातीला लोकांना याचं फार अप्रूप होतं. 'आमचं खोकं गडचिरोलीहून आलं', 'आमचं तर गोव्याला जाऊन आलंय', असे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर यायचे. चार महिन्यांत सगळे कंटाळले. नाव-पत्ता काही पडद्यावर येत नाही, त्यामुळे कुणाला त्यात धोका दिसला नाही. उलट यंत्र सध्या कुठं आहे हे मालकालाही दाखवायचं नाही, असा कायदा आधीच केला होता. नवराबायकोच्या भांडणात गैरवापर होईल म्हणून. कायदा करणाऱ्यांनी यंत्राचा विचार केला, पुठ्ठ्याचा केला नाही.

सहा वर्षांपूर्वी आमच्या सन्मतीच्या लग्नात आम्ही लगद्या दिला. तेव्हा तो महाग होता, चार-पाच घरांत मिळून एक असायचा. रुखवतात करंज्या, चकल्यांचे मनोरे, तिच्या मावशीनं केलेला साखरेचा रथ आणि या सगळ्याच्या मधोमध निळी रिबीन बांधलेला लगद्या. बायकांनी त्यालाही हळदकुंकू लावलं. फोटोग्राफर म्हणाला, वधूपित्यानं हात ठेवून उभं राहा. मी राहिलो. कुणीतरी म्हणालं, मगदुमांनी पोरीला कारखानाच दिला. मला बरं वाटलं होतं.

यंत्राची नोंद मात्र मी माझ्या नावावर केली. लग्नानंतर मुलीचं नाव बदलणार, मग पुन्हा कागद बदलायचे, त्यापेक्षा सगळं स्थिरस्थावर झाल्यावर तिच्या नावावर करू, असं ठरलं. ते नंतर राहून गेलं. तिनं नाव बदललंच नाही आणि मी कागद बदलले नाहीत. क्रमांक माझ्या तोंडपाठ होता, २२७०९.

लग्नाला दोन वर्षं झाल्यावर ती एकदा एकटीच आली. डाव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी होती. जेवताना त्रिशलानं विचारलं, तर म्हणाली, "लगद्याच्या दारात सापडली."

मी वरण वाढून घेत होतो. लगद्याचं दार पूर्ण मिटल्याशिवाय आतलं काही हलत नाही. कडेला मऊ रबर असतं आणि मधे कागदाचा कपटा आला तरी दार आपोआप उघडतं. सोसायटीतली सगळी यंत्रं मीच दुरुस्त करतो, मला हे पक्कं माहीत होतं. मी म्हणालो, "जपून वापरायचं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं मान हलवली आणि भात कालवला.

चौथ्या दिवशी मीच तिला सासरी, पुण्याला सोडून आलो. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच, असं मी एसटीत दोनदा म्हणालो.

पाच महिन्यांनी जावयाचा फोन आला. सन्मती घर सोडून गेली. मंगळसूत्र देवघरात ठेवलेलं, दागिने कपाटात, कपडेसुद्धा बहुतेक तसेच. फक्त लगद्या नव्हता. पोलीस ठाण्यात तिनं अर्ज देऊन ठेवला होता, की मी स्वखुशीनं जात आहे, माझा शोध घेऊ नये, सोबत माझं एक स्त्रीधन नेत आहे.

लगद्याचं वजन एकतीस किलो. ते तिसऱ्या मजल्यावर राहत. हे एकतीस किलो तिनं एकटीनं खाली कसं आणलं असेल, एवढंच त्या दिवसापासून माझ्या डोक्यात येतं. रडू आलं नाही, रागही आला नाही. दात काढायच्या आधी हिरडीत इंजेक्शन देतात, तसं झालंय. जीभ लावली तर जागा आहे एवढं कळतं.

त्यानंतर चौदा महिने काही नाही. मग एकदा कपडे धुण्याच्या पावडरचं खोकं मी यंत्राला लावलं आणि यादीत २२७०९ दिसला. लातूर, ऑगस्ट. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. त्रिशलाला हाक मारली, पण तोंडातून नाव बाहेर येईना, नुसतंच "अगं, अगं" केलं. तिनं यादी वाचली आणि खाली फरशीवर बसली. दुसऱ्या दिवसापासून ती वस्तू मागवायला लागली.

पुढं खुणा परभणीच्या यायला लागल्या, आणि एका घराच्या मानानं फारच जास्त. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ती लगद्यावरच पोट भरतेय. पापड-लोणच्यांचे घरगुती धंदे करणाऱ्या बायकांना खोकी बनवून देत असणार. शाळेत असताना सुट्टीत ती माझ्याबरोबर कारखान्यात यायची, डिंकाचा जोड नखानं उकलायला मीच तिला शिकवलं होतं.

एकदा मी त्रिशलाला न सांगता परभणीला गेलो. प्रभाग सहामध्ये सकाळपासून दुपारपर्यंत फिरलो. कुणाला काही विचारलं नाही. एका पाणपोईशी उभा असताना वाटलं, समोरून आली तर काय म्हणू? चल घरी? घरून तर मीच तिला नेऊन सोडली होती. तीनच्या गाडीनं परत आलो. त्रिशलाला म्हणालो, मुंबईला डोळे दाखवायला गेलो होतो.

या एप्रिलमध्ये एका रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला ऋषभ आला. ऋषभ म्हणजे आमचा जावई. अजून तो जावईच आहे, कागदावर. पुण्याजवळ एका मोठ्या पार्सलच्या गोदामात शिफ्टचा प्रमुख आहे. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, हातात आंब्यांचं खोकं.

"मामा, पाया पडतो. मामी, तुमच्या गुडघ्याचं तेल आणलंय, मागच्या वेळी म्हणाला होतात ते."

वाईट वागला असता तर सोपं झालं असतं. तो नेहमी असाच गोड. त्रिशलानं चहा केला. तो पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाला, "मामा, लगद्याचं वॉरंटी कार्ड असेल ना तुमच्याकडं? त्याचा नंबर पाहिजे होता."

"कशाला?"

"परवा आमच्या इथं एका पोरानं डोकं लावलं. चोरीला गेलेला त्याचा लगद्या कुठं आहे ते त्यानं खोक्यावरच्या खुणांवरून काढलं. म्हटलं, आपल्या डोक्यात कसं आलं नाही इतके दिवस. माझ्या हाताखालून एका शिफ्टला चार हजार खोकी जातात. हातातल्या रीडरला नंबर दिला की तो नुसता वाजतो, मामा. ती जिथं असेल तिथं असेल, आठवड्यात कळेल."

"कार्ड कुठं गेलं कुणास ठाऊक," मी म्हणालो. "घर रंगवलं तेव्हा बरेच कागद गेले."

"नंबर लक्षात नाही?"

"वय झालं बाबा आता."

तो हसला. "असू दे. आल्बममध्ये तुमचा फोटो आहे बघा रुखवतातला, लगद्यावर हात ठेवलेला. नंबरची पाटी दिसतेय, पण मोठं केलं की आकडे फुटतात. स्टुडिओवाल्याकडं मूळ फोटो आहे. मंगळवारी देतो म्हणालाय."

त्रिशलाच्या हातातली बशी वाजली. तो तिच्याकडं बघून म्हणाला, "मामी, काळजी करू नका. एकदा सापडू दे नुसती. मग मी बघतो."

शेवटचं वाक्य त्यानं पोहे चावता चावता म्हटलं. आवाज चढला नाही. मला ती दोन बोटं आठवली. पहिल्यांदाच असं झालं, की इंजेक्शन उतरल्यासारखी कळ आली.

उठताना त्याची नजर माळ्याकडं गेली. "एवढी खोकी का साठवलीत? लगद्या बिघडला का?"

"लोणच्याच्या बरण्यांना लागतात," त्रिशला म्हणाली. तिनं यंदा लोणचं घातलेलं नाही.

तो गेला. मग त्रिशलानं सवयीनं आंबे परातीत काढले, खोकं रिकामं केलं आणि माझ्यापुढं आणून ठेवलं. मीही सवयीनं जोड उकलला. खोकं त्याच्या गोदामातलंच होतं. यंत्रानं दोन मिनिटं घेतली.

"आहे का?"

मी पडद्याकडं बोट केलं. तिनं माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं. २२७०९. परभणी, प्रभाग सहा. मार्च.

पुण्यापासून सांगलीपर्यंत ते खोकं त्याच्या शेजारच्या सीटवर होतं.

"त्याला अजून कळलं नाही ना?" त्रिशलानं विचारलं.

"नाही. मंगळवारी कळेल."

मी जेवायच्या टेबलावर महामंडळाचं पान उघडलं. मालकाला तीन वाटा असतात. विक्री, भंगार आणि भेट. विक्रीला घेणाऱ्याचे कागद लागतात. भंगार म्हटलं तर यंत्र कायमचं बंद पडतं, म्हणजे तिचं पोट बंद. भेट म्हटलं तर नवा मालक यंत्राच्या पडद्यावरच होकार देतो, यंत्र कुपीतलं मिश्रण बदलून नवी खूण धरतं, आणि तिचा क्रमांक दुसऱ्या कुणाला कळत नाही. जुना क्रमांक मात्र आपण भेट नोंदवली त्याच क्षणी रद्द. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, की जुन्या क्रमांकाच्या आजवरच्या सर्व खुणा नोंदवहीतून काढल्या जातील आणि ही क्रिया मागे घेता येणार नाही.

मी त्रिशलाला ते वाचून दाखवलं.

"म्हणजे माळ्यावरच्या खोक्यांवरनंसुद्धा जाणार?"

"कण राहतील. त्यांचा अर्थ लागणार नाही. त्यालाही नाही, आपल्यालाही नाही."

"मग ती आहे की नाही, मला कळणार कसं?"

"नाही कळणार."

"कधीच?"

"कधीच."

ती परातीतला एक आंबा उचलून देठाशी हुंगायला लागली. मग तो परत ठेवला. "मंगळवारपर्यंत थांबू या का? स्टुडिओवाल्याकडं फोटो नसेलही."

"असेल. आणि बुधवारी तो परभणीत असेल. प्रभाग सहा लहान आहे, त्रिशला. पापडवाल्या बायकांना खोकी कोण करून देतं एवढं विचारलं की झालं. मी विचारलं नव्हतं, तो विचारेल."

"तुम्ही गेला होता?"

"हो."

"डोळे दाखवायला म्हणाला होता तेव्हा?"

"हो."

तिनं आंब्यांची परात बाजूला सारली. मला वाटलं आता चिडेल. पण ती म्हणाली, "त्या वेळी तुम्ही तिला सोडायला निघालात तेव्हा मी डब्यात थालीपीठं भरत होते. मला वाटलं होतं म्हणावं, राहू दे तिला. पण थालीपीठं गरम होती, वाफ धरेल म्हणून मी ती पसरत बसले. तेवढ्यात रिक्षा आली."

तिनं हे मला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. मीही तिला दाराचं सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. लगद्याच्या दारात बोट सापडत नाही, सापडूच शकत नाही, आणि मला ते वरण वाढून घेताना माहीत होतं. तिनं ऐकून घेतलं. आम्ही एकमेकांना काही बोल लावला नाही. लावायला जागाच उरली नव्हती.

मग तिनं स्टूल घेतलं, माळ्यावरची अकराही खोकी खाली काढली आणि एकेक करून आम्ही ती यंत्राला लावली. लातूर, ऑगस्ट. लातूर, ऑक्टोबर. परभणी, जानेवारी. प्रत्येक वेळी ती नुसती "हं" म्हणत होती. बारावं आंब्यांचं. ते वाचून झाल्यावर ती म्हणाली, "दाबा."

मी 'भेट'वर बोट ठेवलं. फॉर्म उघडला. भेटीचा दिनांक म्हणून मी तिच्या लग्नाची तारीख घातली. ती चालली. नव्या मालकाचं नाव, सन्मती. पुढं आडनाव.

"कुठलं घालू?"

त्रिशलानं विचार केला. "आपलं घालून आपण तिला परत पाठवली. त्यांचं घालायचं नाही. टिंब टाका, ती बघेल."

टिंब चाललं. महामंडळाला टिंबाशी काही देणंघेणं नव्हतं.

त्याखाली एक रिकामी चौकट होती. 'भेटीसोबत संदेश, ऐच्छिक, साठ अक्षरांपर्यंत.' लोक तिथं वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहीत असावेत. मी बराच वेळ बसलो. कशी आहेस, असं लिहिलं आणि खोडलं, कारण उत्तराला जागा नव्हती. चुकलो, असं लिहिलं. तेही खोडलं. चुकलो तर सगळेच म्हणतात. शेवटी लिहिलं,

'दारात बोट सापडत नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं.'

त्रिशलानं ते वाचलं आणि फोनवर आलेला ओटीपी मला एकेक आकडा म्हणत सांगितला. मी टाकला. हिरवी खूण आली. त्यानंतर तिनं आंब्यांचं खोकं पुन्हा यंत्राला लावून बघितलं. यादीत बाकीची सगळी गावं होती आणि एका ओळीवर 'नोंद उपलब्ध नाही' असं होतं.

मंगळवारी दुपारी ऋषभचा फोन आला.

"मामा, नंबर मिळाला. पण सिस्टीम म्हणते, असा नंबरच नाही. तुम्ही काही केलंत का?"

"यंत्र तिचं होतं," मी म्हणालो. "तिच्या नावावर करायचं राहिलं होतं, ते केलं."

पलीकडं कुठलंतरी दार लावल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मी इतके दिवस तुम्हाला बापासारखं मानलं." आणि मग आणखी काही म्हणाला, ते इथं लिहीत नाही. तो गोडपणा किती पातळ होता हे मला एका वाक्यात कळलं आणि सन्मतीनं त्यामागं जवळजवळ अडीच वर्षं काढली होती. मी फोन ठेवला. मग उठून दाराला आतून कडी घातली.

त्यानंतर रोज सकाळी त्रिशला माझा फोन चार्जिंगवरून काढून बघायची आणि परत ठेवायची. काय बघतेस असं मी विचारलं नाही. नवव्या दिवशी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, महामंडळाचा संदेश आला.

'आपली भेट स्वीकारण्यात आली आहे. धन्यवाद.'

बस, एवढंच. मी भाजी निवडणाऱ्या त्रिशलाला तो दाखवला. तिनं हात पुसले, फोन घेतला आणि ते पाच-सहा शब्द परत परत वाचले. "तिनंच दाबलं असेल ना?" तिनं विचारलं.

"यंत्राच्या समोर उभं राहून दाबावं लागतं."

"मग वाचलंही असेल."

"वाचल्याशिवाय दाबता येत नाही."

तिनं फोन मला दिला आणि उरलेली मेथी निवडली. तिची शेवटची खबर ती. यापुढं येणार नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर त्रिशलानं ती बारा खोकी ओळीनं भिंतीला लावली. मला वाटलं पुन्हा माळ्यावर जाणार. पण ती म्हणाली, "ही इथं ठेवून काय करू? घाला यंत्रात."

"सगळी?"

"माळ्यावर राहिली तर राहिलीच. बाहेर पडली तर फिरत फिरत एखादं तिच्याकडं जाईल." तिनं पहिलं खोकं उचललं. "आपला नंबर तिला पाठ आहे ना?"

आमच्या लगद्याचा क्रमांक ४११८. वसाहतीतला पहिला लगद्या आमचाच. सन्मती कॉलेजात असताना तीच त्याची कुपी बदलायची आणि दर वेळी क्रमांक मोठ्यानं वाचायची. आम्ही आमच्या खुणा कधी बंद केलेल्या नाहीत. तिच्या पडद्यावर कधी हे खोकं लागलं तर ओळ येईल, ४११८, सांगली, प्रभाग अकरा, मे. म्हणजे आईबाप अजून आहेत, एवढं तिला कळेल. कळून घ्यायचं की नाही हे तिनं ठरवायचं.

मी पहिल्या खोक्याचे तंतू बघितले. पाचवी फेरी. आमची सहावी पडेल, मग एकच उरेल. कडेला अंगठा दाबून बघितला, सवयीनं. अजून बरं होतं.

हल्ली त्रिशला चिमटे मागवत नाही. जे लागतं तेवढंच येतं, आणि आलेलं प्रत्येक खोकं ती ओल्या फडक्यानं चारी बाजूंनी पुसून देते, कारण आता कुठलंही तिच्या घरून आलेलं असू शकतं. मी यादी उघडतही नाही. जोड उकलतो, आत घालतो, दार मिटतो. पाऊण तासानं नवं खोकं बाहेर येतं, पार्सलवाला येतो, घेऊन जातो. स्वयंपाकघरातून ती विचारते,

"गेलं का?"

"गेलं," मी म्हणतो.